आधीच दिलेली साक्ष

आत्याच्या छातीतली गाठ नाहीशी झाली, हे आत्याला चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत कळलं. सांगणारी तिची भावजय होती. ती पुढे माइकजवळ उभी होती, एक हात छातीवर, दुसरा छताकडे, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानातली यंत्रं काढून खिशात घालावीत. "माझ्या नणंदेला प्रभूने बरं केलं आहे! गाठ गेली! नामोनिशाण उरलं नाही!" सगळ्या मंडळीने टाळ्यांचा कडकडाट केला. आत्याने शालीखाली हात नेऊन हळूच चाचपून पाहिलं. गाठ होती तिथेच होती.

या मंडळीची रीतच तशी होती. काही वर्षांपूर्वी बाहेरून एक उपदेशक आला होता, चकचकीत बुटांचा. देवाकडे मागितलं की मिळालंच असं धरून चालायचं आणि मिळण्याआधीच उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने दिलं असं सगळ्यांसमोर सांगायचं, असं तो शिकवून गेला. जो वाट बघतो त्याच्या मनात शंका आहे, आणि शंका असेल तर देव देत नाही. हे शिक्षण मंडळीला फारच मानवलं. थांबायला कुणाला आवडतं? तेव्हापासून मुलं परीक्षेला बसायच्या आधीच पास व्हायला लागली, न विकलेली घरं विकली जायला लागली, वाकडे गुडघे सरळ व्हायला लागले. पुढे मुलगा नापास झाला, गुडघा वाकडाच राहिला, तरी ते सांगायला माइकजवळ परत कुणी जात नसे. साक्ष द्यायची सोय होती, मागे घ्यायची नव्हती.

आत्याला हा सगळा प्रकार म्हणजे निव्वळ पोरखेळ वाटायचा. ती एका लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. भाचरं आत्या म्हणायची म्हणून मंडळीही आत्या म्हणायची. लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची, आणि माणसं तिला बहुतेक करून त्यांच्या मळक्या कपड्यांवरून ठाऊक होती. उपासनेच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलेल्या सभ्य गृहस्थाची कॉलर आतून कशी असते, हे तिने पाहिलं होतं. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्याच्या खिशात तिला एकदा अर्धवट चघळलेली चॉकलेटं सापडली होती, भर उपासकाळात. देवावर तिचा विश्वास होता, पक्का होता. पण देवाच्या माणसांवर म्हणाल तर नाव काढू नका. तिची प्रार्थनाही कपडे मोजून घेतल्यासारखी असायची. भाऊ नीट राहू दे, भाचरं नीट राहू देत, जे चुकलं ते माफ कर, आमेन. त्यात रडणं नाही, ओरडणं नाही.

मग ही गाठ माइकपर्यंत पोचली कशी? चूक आत्याचीच. गुरुवारी स्वयंपाकघरात ती भावजयीला एवढंच म्हणाली होती की, "मला छातीत गाठ लागतेय. सोमवारी तपासणीला जायचंय. येशील का गं माझ्याबरोबर?" साधा प्रश्न होता. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. भावजयीने हात पुसले, आत्याच्या खांद्यावर ठेवले आणि डोळे मिटले. ती भगिनी मंडळाची अध्यक्ष होती. डोळे मिटणं हे तिचं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर असायचं.

शुक्रवारी अख्खं भगिनी मंडळ मागच्या खोलीत येऊन धडकलं. त्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक माणूस मावायचं. तिथे त्या सगळ्या जणी दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि आत्याला मध्ये बसवून तिच्यावर हात ठेवून ओरडू लागल्या. कुणाच्या अंगाला पावडरीचा वास, कुणाच्या तोंडाला कांद्याचा. पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकबाई, मुळूमुळू रडत होत्या, त्यांना ते छान जमायचं. एकीने तर चुकीच्या बाजूवर हात ठेवून दहा मिनिटं तिथल्या चांगल्या मांसाला निघून जायची आज्ञा केली. ऑर्गन वाजवणारी बाई दाराच्या चौकटीत उभी होती, तिला आत यायला जागाच नव्हती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. नाटकी बाई, आत्याच्या मनात आलं.

आणि त्या रविवारी साक्ष. टाळ्या थांबल्यावर बायका आत्याच्या गळ्यात पडल्या. पहिल्या रांगेत कुणीतरी उठून तिला जागा दिली. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी तिचा हात धरून हलवला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला 'झग्याला स्टार्च कमी' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. खोटं बोलण्यात अर्थ नाही, आत्याला ते आवडलं. मूग गिळून ती पहिल्या रांगेत बसून राहिली, हसली, मान डोलावली. घरी आल्यावर तिने आरशात बघून स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, पण ती घरी आल्यावर.

सोमवारी ती एकटीच तपासणीला गेली. गुरुवारी निकाल आला. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण आडपडदा न ठेवता बोलणारी होती, म्हणून आत्याला बरी वाटली. कॅन्सर आहे, म्हणाली. अजून पसरलेला दिसत नाही. येत्या बुधवारी कापून काढते, ही जागा सोडलीत तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि वाट बघण्याची ही गाठ नाही. मात्र सोबत कुणीतरी हवं. ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसायला, नंतर रात्री थांबायला, आणि काही अडलं तर निर्णय सांगायला. एकट्या माणसाला आम्ही टेबलावर घेत नाही.

"नातेवाईकच पाहिजे का?" आत्याने विचारलं.

"माणूस पाहिजे," डॉक्टरीण म्हणाली. "तुमचं कुणी नाही का?"

"आहेत की. भरपूर आहेत," आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने भावापुढे आणि भावजयीपुढे ते सांगून टाकलं. भाऊ मंडळीच्या वडिलांपैकी एक होता, म्हणजे उपासनेत दानाची थैली फिरवायचा आणि बाकी वेळ गप्प बसायचा. आताही त्याने तेच केलं. तो चहात बिस्कीट बुडवत राहिला, ते तुटून कपात पडलं, मग चमच्याने ते शोधत राहिला.

भावजय मात्र पांढरीफटक पडली. क्षणभर आत्याला वाटलं, हिला माझी काळजी वाटली. पण तसं काही नव्हतं.

"ताई, पण साक्ष झाली आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? मी सगळ्यांसमोर सांगितलंय की गाठ गेली. आता तुम्ही जाऊन कापून घेतलीत तर त्याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ असा होतो की गाठ गेली नव्हती."

"अहो, तुम्हीच बोला ना ताईंशी." भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बिस्किटात गढलेला. मग ती आत्याच्या जवळ सरकली आणि आवाज मऊ केला. "ताई, मी ऑपरेशन करू नका असं कुठे म्हणतेय? करा ना. पण या रविवारी उपकारस्तुतीची उपासना आहे. बाहेरून पाहुणे येणार आहेत. तुमची स्वतःची साक्ष ठेवली आहे, पत्रिकेत छापूनही झालंय. तेवढं होऊ दे. मग महिन्याभराने आपण दुसऱ्या गावी, लांबच्या हॉस्पिटलात जाऊ. गुपचूप. कुणाला कळायला नको. मी स्वतः येईन."

"डॉक्टर म्हणते थांबायचं नाही."

"डॉक्टर प्रभूवर विश्वास ठेवणारी आहे का?"

आत्याने भावाकडे पाहिलं. "तू येशील का रे बुधवारी? तू तरी?"

भाऊ म्हणाला, "बघू." लहानपणी त्याला शाळेत बोटाला धरून नेणारी, त्याचं नाक पुसणारी, त्याच्या लग्नात रात्रभर जागून पाहुण्यांच्या कपड्यांना इस्त्री करणारी ही त्याची बहीण होती. बघू, म्हणाला. आत्याला त्याचा राग आला नाही, किळस आली. एवढा मोठा झालेला माणूस आणि आत मेणाचा.

शुक्रवारपासून ती सोबत शोधायला लागली. आत्यासारख्या बाईने कुणाकडे काही मागणं म्हणजे तोंडात कडू औषध धरून बोलणं. तरी ती गेली. पाळकबाईंनी तिला सोफ्यावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं, डोळे भरून आणले आणि म्हणाल्या, "आत्या, बुधवारी सकाळपासून मी तुमच्यासाठी गुडघ्यांवर असेन." हॉस्पिटलात या म्हटलं तर बुधवारी त्यांच्याकडे रंगारी यायचा होता. भगिनी मंडळाची खजिनदार म्हणाली, "मी उपास करीन हो तुमच्यासाठी." चुकीच्या बाजूवर हात ठेवणारी म्हणाली, तिला हॉस्पिटलच्या वासाने चक्कर येते, पण आत्म्याने ती तिथेच असेल. आत्म्याने! आत्याला आत्मे नको होते. तिला खुर्चीवर टेकणारं एक शरीर हवं होतं, ज्याला नर्सने हाक मारली तर ते उठून जाईल. प्रार्थना करते म्हणजे येत नाही, एवढं तिला दोन घरांतच कळून चुकलं. तिसऱ्या घरी गेली ती केवळ आपला अंदाज बरोबर आहे का ते बघायला. बरोबर निघाला.

शनिवारी दुपारी ऑर्गनवाली लाँड्रीत आली. नेहमीसारखी पिशवी घट्ट बांधलेली, नेहमीसारखे डोळे खाली. या बाईने काही वर्षांपूर्वी साक्ष दिली होती की तिच्या नवऱ्याची दारू सुटली. तेव्हा अख्खी मंडळी रडली होती, आणि अजूनही नव्या माणसांना तिची गोष्ट सांगितली जायची. पण नवऱ्याचे कपडे येत होते आत्याकडे. शर्टांवर उलटीचे डाग, पँटी अशा ठिकाणी ओल्या होऊन सुकलेल्या की सांगायची सोय नाही. कधीकधी तिच्या स्वतःच्या एखाद्या ब्लाउजची बाही खांद्यापासून उसवलेली. आत्याने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. गप्प राहण्याचा तिला अभिमान होता. पण मनातून या बाईइतका तिरस्कार तिने कुणाचा केला नसेल. बाकीच्या निदान मूर्ख तरी होत्या. हिला सगळं ठाऊक असून ही दर रविवारी ऑर्गनवर बसून तोंड पाडून स्तोत्रं वाजवायची.

त्या दिवशी आत्याचा तोल गेला. तिने पिशवी सोडली, एक शर्ट दोन बोटांनी वर उचलून धरला, शेजारी गिऱ्हाईक उभं असताना, आणि मोठ्याने विचारलं, "यजमान बरे आहेत ना? अजून आनंदात आहेत वाटतं प्रभूच्या!"

ऑर्गनवालीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने पावती घेतली, घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि निघून गेली. आत्याला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं रात्री जेवायला बसेपर्यंत टिकलं, मग ताट तसंच सारून ती उठली.

रविवारी सभागृह फुलांनी सजवलं होतं. पाहुणे पहिल्या रांगेत. भावजयीने नवी साडी नेसली होती आणि ती सगळ्यांना बसवत, उठवत, पंखे वळवत फिरत होती. घरून निघताना तिने आत्याचा हात दाबून सांगितलं होतं, "ताई, दोनच वाक्यं. देवाचे आभार, मंडळीचे आभार. बास." आत्याने मान हलवली होती. आपण काय बोलणार, हे तिला तोवर खरंच माहीत नव्हतं. महिना थांबलं तर काय होईल, असाही विचार तिने पहाटे केला होता. भावजय येणार म्हणत होती, निदान कुणीतरी येणार होतं. भीती माणसाला काय काय सुचवते.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती माइकजवळ गेली. समोर ओळखीचे सगळे चेहरे, आधीच ओलावलेले, रुमाल तयार. टाळ्यांसाठी हात मांडीवरून उचललेले. त्या उचललेल्या हातांकडे बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"गाठ गेलेली नाही," ती म्हणाली.

दोनतीन जणांनी सवयीने आमेन म्हटलं, मग जीभ चावली.

"कॅन्सर आहे. बुधवारी कापणार आहेत. मागच्या रविवारी तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हाही ती होती. मला माहीत होतं, मी बोलले नाही. माझंही चुकलं. आता ऐका. मला हॉस्पिटलात सोबत एक माणूस लागतं. बाहेर बसायला आणि रात्री थांबायला. इथे शंभरेक माणसं आहेत, सगळी एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात. ज्याला यायला जमेल त्याने हात वर करा. नुसती प्रार्थना करणाऱ्यांनी हात खाली ठेवा."

कुणी पुस्तकाची पानं चाळली. कुणाला अचानक मुलाच्या बुटाची नाडी बांधायची होती. भाऊ थैलीच्या दांड्याकडे बघत होता. भावजय खांबाला टेकून उभी होती आणि तिच्याकडे अशी बघत होती, जणू आत्याने भर सभेत तिचे केस धरून ओढले. एकही हात वर नव्हता. पाहुण्यांपैकी एकाने खाकरून घेतलं.

पाळकसाहेब उठले. अशा वेळी काय करायचं, हे त्यांना पाठ होतं. "प्रियजनहो," ते म्हणाले, "आपल्या बहिणीसाठी आपण मस्तकं लववू या. सगळ्यांनी डोळे मिटा." आणि पापण्या धडाधड मिटल्या. केवढी सुटका झाली सगळ्यांची! चेहऱ्यांवर ती उघड दिसत होती. पाळकसाहेब प्रार्थना करू लागले, लांबलचक, घोळून घोळून, डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी, जगातल्या यच्चयावत रोग्यांसाठी.

आत्याने डोळे मिटले नाहीत. या लोकांबरोबर आपण यापुढे डोळे मिटायचे नाहीत, असं तिने ठरवून टाकलं. ती माइकजवळ उभी राहून त्या झुकलेल्या डोक्यांकडे बघत राहिली. टकलं, भांग, पांढऱ्या मुळांवर चढवलेला काळा रंग. एवढी माणसं, आणि बुधवारी एक खुर्ची रिकामी राहणार. तिला रडू येत होतं, आणि यांच्यासमोर रडायचं नाही म्हणून तिने दात आवळून धरले.

तेव्हा तिला हात दिसला.

ऑर्गनजवळ होता तो. कोपरात वाकलेला, खांद्याच्या फार वर न गेलेला, शाळेत उत्तराची खात्री नसलेली मुलगी करते तसा. ऑर्गनवालीचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांचे मिटल्यावर, कुणी बघणार नाही अशा वेळी, तिने हात वर केला होता. भित्री कुठली, आत्याच्या मनात पहिल्यांदा तेच आलं. मग तिच्या लक्षात आलं की प्रार्थना लांबत चाललीय आणि तरी तो हात खाली येत नाहीये.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. "आपण उभं राहून गीत गाऊ या." प्रार्थना संपली की ऑर्गन सुरू व्हायचा, इतकी वर्षं तो कधी चुकला नव्हता. आज सुरू झाला नाही. डोळे उघडले, माना वळल्या. सगळ्या मंडळीला तो हात दिसला. आता ती तो खाली घेईल, आत्याला वाटलं, आता केस सारखे केल्यासारखं करेल. ऑर्गनवालीने डोळे उघडले. सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला कळलं, मानेपर्यंत लाल झाली. हात तसाच राहिला.

"वाजव ना अगं!" भावजय खांबाजवळून दबक्या आवाजात ओरडली.

"मी जाईन आत्यांबरोबर," ऑर्गनवाली म्हणाली. माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "मला जमेल."

कुणाला काय करावं सुचेना. शेवटी भावजयीनेच गीत उचललं, ऑर्गनशिवाय, आणि रागाच्या भरात इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला पुरुषांचे आवाज फाटले आणि बायकांनी नुसतेच ओठ हलवले. त्या गोंधळात आत्या खाली उतरली आणि ऑर्गनच्या बाकाच्या टोकाला जाऊन टेकली. तिला या बाईला खूप काही सांगायचं होतं. इतकी वर्षं तुझ्या घरातलं सगळं मला ठाऊक होतं, तुझी उसवलेली बाही मी हातात धरली, आणि 'चल, मी येते तुझ्याबरोबर' असं मी तुला एकदाही म्हटलं नाही. मी गप्प राहिले आणि त्यालाच मोठेपणा समजले. कालचं तर विचारूच नको. यातला एकही शब्द तिच्या तोंडातून निघेना. लोकांना बोलायला तिची जीभ कधी अडखळली नव्हती.

"रात्री थांबावं लागेल," शेवटी ती एवढंच म्हणाली. "घरी काय सांगशील?"

"खरं तेच सांगेन." ऑर्गनवालीने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले आणि समोर गाणाऱ्या मंडळीकडे बघत, प्रत्येक शब्द नीट उच्चारत ती म्हणाली, "नाहीतरी रात्री आमच्या घरी ऐकायला शुद्धीवर कोण असतं?"

पहिल्या रांगेतल्या पाळकबाईंचं गाणं मध्येच थांबलं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने शालीतून हात काढला आणि शेजारच्या त्या थंडगार, घामेजल्या हातांवर ठेवला.